लॅपटॉपच्या कडेची भोकं: कोणतं कशासाठी आणि कसं ओळखायचं

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात गेल्या डिसेंबरात कावी कलेवर व्याख्यान होतं. देवळांच्या भिंतींवरची ती तांबडी-पांढरी चित्रं, साठेक फोटो, आणि वक्ते सावंतवाडीहून आलेले. त्यांचा लॅपटॉप नवाकोरा, बोटाएवढासुद्धा जाड नाही. कडेला दोनच भोकं, दोन्ही टाइप-सी. आमच्या प्रोजेक्टरला एचडीएमआय, म्हणजे दुसऱ्याच आकाराचं भोक. मधला जोड त्यांनी पणजीत मुद्दाम विकत घेतला होता. लावला, तर पडदा निळाच्या निळा. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं, "तुका कळटा न्हय हें?" मग केबल बदलली, लॅपटॉप बंद करून परत चालू केला, प्रोजेक्टरला दोन चापट्या मारल्या. पंचवीस मिनिटं गेली. शेवटी वैतागून मी तो जोड डावीकडच्या भोकातून काढून उजवीकडच्या भोकात घातला आणि पडद्यावर चित्र आलं.

दोन्ही भोकं दिसायला हुबेहूब. फक्त उजवीकडच्या शेजारी तिळाएवढी खूण होती, आणि ती चष्मा काढून दिवटीसमोर धरल्याशिवाय दिसली नसती.

या लेखात जे सांगायचं आहे ते एवढंच: भोकाचा आकार फक्त सांगतो की कुठली पिन आत बसेल. आतून काय जाईल, ते तो सांगत नाही. पोर्ट म्हणजे बंदरच की. मुरगावला एका धक्क्यावर कोळसा उतरतो, दुसऱ्यावर क्रूझमधले पाहुणे. पाणी तेच, पण कुठलं जहाज कुठे लावायचं ते आधी विचारावं लागतं.

आधी कागदावर नकाशा

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, उजेडात टेबलावर ठेवा. मोबाइलचा टॉर्च लावून डावी, उजवी आणि मागची अशा तिन्ही कडांचे जवळून फोटो काढा. फोटो मोठा करून बघितलात की डोळ्याला न दिसणाऱ्या खुणा दिसतात. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून ज्या त्या जागी भोकं मांडा. हे पोरखेळ वाटेल, पण दुकानात "तसलं लांबट, चपटं" म्हणून हातवारे करण्यापेक्षा हा कागद दाखवणं सोपं.

मग लॅपटॉप उलटा करा. तळाला चिकटलेल्या कागदावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक असतो, आकडे आणि अक्षरं धरून. पूर्ण म्हणजे पूर्ण. एकाच नावाच्या मालिकेत पाच-सहा उपप्रकार असतात आणि त्यांची भोकं दिसायला तीच असली तरी आतल्या सोयी वेगळ्या असतात. तो क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून तांत्रिक माहितीचं पान उघडा आणि 'पोर्ट्स' हा भाग कागदाच्या मागे उतरवून घ्या. विक्रेत्याच्या पानावर विसंबू नका; तिथे पुष्कळदा दुसऱ्याच उपप्रकाराची माहिती चिकटवलेली असते.

चौकोनी यूएसबी, म्हणजे टाइप-ए

पेनड्राइव्ह, माऊस, प्रिंटर ज्यात जातो ते हे. पहिल्यांदा उलटं, दुसऱ्यांदाही उलटं आणि तिसऱ्यांदा बरोबर बसणारं. यूएसबी १९९६ साली आलं, तेव्हापासून हा आकार तोच आहे; आतला वेग मात्र पार बदलला. २००० सालच्या यूएसबी २.० चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. २००८ सालच्या ३.० चा ५ गिगाबिट, म्हणजे दहापट.

मेगाबिट हा आकडा फसवा. आपल्या फायली मेगाबाइटमध्ये मोजल्या जातात आणि ८ बिटांचा एक बाइट होतो. तेव्हा ४८० ला ८ ने भागा: ६०. प्रत्यक्षात मिळतात त्यातले तीस-चाळीस. लग्नाचा २० जीबीचा व्हिडिओ या वेगाने चढवायला दहा मिनिटं जातात. ३.० च्या भोकात चांगली बाहेरची एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, लावली तर तेच काम मिनिटभरात होतं. 'चांगली' हा शब्द महत्त्वाचा. स्वस्त पेनड्राइव्ह ३.० चा असला तरी त्याला स्वतःलाच तेवढ्या वेगाने लिहिता येत नाही, तिथे भोकाचा दोष नाही.

ओळखायचं कसं? आतली जीभ काळी किंवा पांढरी असेल तर बहुधा २.०, निळी असेल तर ३.०. पण रंगावर सगळा भरवसा टाकू नका, काही कंपन्या सगळंच काळं ठेवतात. टॉर्च मारून बघा: २.० मध्ये चार पट्ट्या असतात, ३.० मध्ये त्यांच्या जोडीला आणखी पाच बारीक. बाहेर इंग्रजी 'एसएस' ही अक्षरं आणि शेजारी ५ किंवा १० असा आकडा असेल तर तो वेग, गिगाबिटमध्ये.

नावांचा घोळ मात्र असा घातलाय की सांगायची सोय नाही. आधी ज्याला ३.० म्हणत, त्यालाच नंतर '३.१ जेन १' म्हणायला लागले आणि पुढे '३.२ जेन १'. तिन्ही नावांचा वेग तोच, ५ गिगाबिट. जाहिरातीत '३.२' वाचून हुरळून जाऊ नका, आकडा विचारा.

दोन गोष्टी अनुभवाच्या. एक: ३.० चा प्लग फार दमाने आत सरकवला तर कधी कधी लॅपटॉप त्याला २.० समजून बसतो आणि कॉपी गोगलगायीसारखी चालते. काढून एका झटक्यात, सरळ आत घाला. दोन: वायरलेस माऊसची ती इवलीशी पिन आणि ३.० ची हार्डडिस्क शेजारशेजारच्या भोकांत लावली की माऊस अडखळायला लागतो. ३.० च्या वाहतुकीचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो आणि माऊस त्याच पट्ट्यात बोलत असतो. माऊसची पिन दुसऱ्या बाजूला, शक्यतो २.० च्या भोकात घाला. या एका कारणापायी किती माऊस फुकट बदलले गेले असतील देव जाणे.

भोकाशेजारी बॅटरीची किंवा विजेची खूण असेल तर लॅपटॉप बंद असतानाही तिथून मोबाइल चार्ज होतो. नसेल तरी चालू लॅपटॉपवर होतो, पण रांगत: २.० चं भोक ५ व्होल्टला अर्धा अँपिअर देतं, ३.० चं ०.९.

टाइप-सी, जिथे सगळे फसतात

लहान, लंबगोल, दोन्ही बाजूंनी बसणारं. २०१४ साली हा आकार ठरला. एवढ्याशा जागेत २४ पिना आहेत. त्यातून चार प्रकारची वाहतूक होऊ शकते: माहिती, वीज, चित्र आणि या सगळ्यांचा बाप असलेलं थंडरबोल्ट. 'होऊ शकते', होतेच असं नाही. निव्वळ २.० च्या वेगाची माहिती नेणारं टाइप-सी असतं, चार्जिंग न घेणारं असतं, आणि चित्र न देणारं तर रगड असतं. आमच्या वक्त्यांचं डावीकडचं भोक त्यातलंच.

म्हणून इथे चार प्रश्न, एकेक करून.

चित्र जातं का? भोकाशेजारी इंग्रजी डी अक्षराच्या पोटात पी अशी खूण किंवा छोटा पडदा असेल तर जातं. कंपनीच्या पानावर 'डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड' किंवा नुसतं 'डिस्प्लेपोर्ट' हे शब्द त्या भोकापुढे लिहिलेले हवेत. हे शब्द नसतील तर टाइप-सी ते एचडीएमआयचा साधा जोड घेऊन उपयोग नाही. दुकानदार तो बदलूनही देत नाही.

थंडरबोल्ट आहे का? शेपटाला बाण असलेली विजेची खूण बघा. २०११ साली इंटेल आणि अ‍ॅपलने हे आणलं तेव्हा ते मिनी डिस्प्लेपोर्टच्या आकारात होतं, २०१५ च्या थंडरबोल्ट ३ पासून टाइप-सीत आलं. ३ आणि ४ या दोन्हींचा वेग ४० गिगाबिट. ४ अंक लिहिलेला असेल तर चित्र नक्की जाणार, त्यात शंका ठेवायचं कारण नाही. घरगुती वापराला याची गरज क्वचित पडते. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी मात्र यासाठी दोन पैसे जास्त मोजावेत. साधी, बाण नसलेली वीज किंवा बॅटरी दिसली तर ती चार्जिंगची खूण. पुष्कळ जण तिलाच थंडरबोल्ट समजतात.

चार्जिंग घेतं का? कंपनीच्या पानावर 'पॉवर डिलिव्हरी' शोधा. इथली पद्धत समजून घ्या, म्हणजे भीती जाते. टाइप-सी चार्जर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो. मग लॅपटॉप आणि चार्जर आपसात बोलतात, "तुझ्याकडे काय काय आहे?" "५, ९, १५, २०." "मग २० दे." ठरलं की व्होल्टेज चढतं. त्यामुळे ६५ वॅटच्या लॅपटॉपला १०० वॅटचा चांगला चार्जर लावला म्हणून काही जळत नाही, तो मागेल तेवढंच घेतो. उलट मोबाइलचा २० वॅटचा चार्जर लावला तर लॅपटॉप एक तर नाक मुरडतो, नाही तर रात्रभरात थोडाफार भरतो. चार्जरवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट: २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर, झाले ६५.

केबल कसली आहे? हा चौथा प्रश्न, आणि लोक नेमका हाच विचारत नाहीत. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली साधी केबल ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट नेते. त्यापुढे जायचं तर केबलच्या टोकात ओळख सांगणारी चिप लागते. अशा केबलवर १०० किंवा २४० वॅट असं छापलेलं असतं. २४० ही मर्यादा २०२१ साली आली. आता गंमत बघा: मोबाइलबरोबर येणारी केबल चार्जिंगला फर्स्टक्लास असते, पण माहिती पुष्कळदा २.० च्याच वेगाने नेते आणि चित्र तर नेतच नाही. भोक थंडरबोल्टचं, डिस्क महागाची आणि मधली केबल मोबाइलची, की सगळं मुसळ केरात. माझ्या खणात सात टाइप-सी केबली आहेत. प्रत्येकीच्या मानेला सुती पट्टी चिकटवून त्यावर पेनाने लिहून ठेवलंय: 'फक्त चार्ज', '१०० वॅट', 'मॉनिटर'. घरच्यांनी आधी थट्टा केली, आता तेच त्या पट्ट्या वाचून केबल उचलतात.

युरोपीय संघाने २८ एप्रिल २०२६ पासून विक्रीला येणाऱ्या नव्या लॅपटॉपना टाइप-सी चार्जिंग सक्तीचं केलंय. तेव्हा गोल पिनेचे चार्जर हळूहळू आपल्याकडूनही मागे पडणार.

ज्यांच्या लॅपटॉपला टाइप-सीच आहेत त्यांना हब घ्यावा लागतो: एका शेपटीतून एचडीएमआय, टाइप-ए, कार्ड, कधी इंटरनेटची तार. तो आपल्या चित्र जाणाऱ्या भोकातच लावा, नाही तर त्याचं एचडीएमआय शोभेचं. घेताना खोक्यावर '४के, ६० हर्ट्झ' बघा; ४के म्हणजे चित्राचा बारीकपणा, हर्ट्झ म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं. स्वस्त हबवर ३० असतं आणि मॉनिटरवर माऊसचा बाण ओढल्यासारखा चालतो. हबमधून चार्जिंग करणार असाल तर काही वॅट हब स्वतः खातो, म्हणून चार्जर एक पायरी मोठा घ्या. हब गरम होतो, ते चालायचंच. हाताला चटका बसेल इतका झाला तर काढा.

एचडीएमआय आणि सभागृहातली धावपळ

दोन खालचे कोपरे तिरके कापलेलं, चपटं, १९ पिनांचं भोक. चित्र आणि आवाज एकाच तारेतून. जोडायची पद्धत: प्रोजेक्टर किंवा टीव्ही चालू करा, केबल लावा, रिमोटवर बरोबर एचडीएमआय क्रमांक निवडा. मग लॅपटॉपवर विंडोजची कळ दाबून धरून पी दाबा आणि 'डुप्लिकेट' निवडा. 'एक्स्टेंड' निवडलात तर पडद्यावर नुसता देखावा दिसतो आणि लोक तुमच्याकडे बघत बसतात. आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल तर खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन टीव्हीचं नाव निवडा.

लॅपटॉपचं एचडीएमआय चित्र बाहेर देतं, आत घेत नाही. सेट-टॉप बॉक्स लॅपटॉपला जोडून क्रिकेट बघायचा बेत दर वर्ल्ड कपला कोणी ना कोणी घेऊन येतो. तो जमत नाही, त्याला वेगळं कॅप्चर यंत्र लागतं.

केबलची लांबी बघा. साधी तांब्याची केबल दहा मीटरपुढे गेली की चित्र लुकलुकतं, ४के तर त्याच्या बरंच आधी मान टाकतं. देवळाच्या सभामंडपात प्रोजेक्टर मध्ये आणि लॅपटॉप रंगमंचावर असा थाट असतो, तिथे रेझोल्यूशन १०८० वर आणा. तरी नाही जमलं तर ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्या. तिला दिशा असते, 'सोर्स' लिहिलेलं टोक लॅपटॉपकडे.

आणि एक, सावधगिरीचं. जुन्या घरांत, देवळांच्या अग्रशाळांत (भक्तांच्या मुक्कामाच्या खोल्यांत) अर्थिंगचा पत्ता नसतो. पावसात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून लॅपटॉपच्या धातूला हात लावला की मुंग्या येतात. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर एकाच बोर्डावरून, तीन पिनांच्या सॉकेटमधून चालवा. एक इथून आणि एक पलीकडच्या खोलीतून ओढलेल्या वायरवर असेल तर पोर्ट उडायची पाळी येते.

निळं, स्क्रूवालं व्हीजीए

पंधरा पिना, तीन ओळी, दोन बाजूंना स्क्रू. आयबीएमने १९८७ साली आणलेलं, म्हणजे सायबर एज योजनेत अकरावीला संगणक मिळालेल्या आमच्या गोव्यातल्या पिढीपेक्षा फारसं लहान नाही. नव्या लॅपटॉपवर ते दिसत नाही. शाळा-वाचनालयांच्या प्रोजेक्टरवर अजून सर्रास दिसतं. यातून आवाज जात नाही, वेगळी तार लागते. केबलच्या पिनांत मधल्या ओळीत एक नसेल तर घाबरू नका, नववी पिन पुष्कळदा मुळातच नसते. वाकलेली मात्र सरळ केल्याशिवाय घालू नका.

एचडीएमआय ते व्हीजीए आणि व्हीजीए ते एचडीएमआय हे दोन वेगळे जोड आहेत. दिसतात जुळे भाऊ. लॅपटॉपला एचडीएमआय, प्रोजेक्टरला व्हीजीए, तर पहिला घ्या.

इंटरनेटची तार

टेलिफोनसारखं पण रुंद, आठ तारांचं. 'टक्' आवाज आला की बसलं. बारीक लॅपटॉपवर खालचा जबडा हाताने उघडावा लागतो. लोक तो तुटला समजून ताकद लावतात आणि मग खरोखर तोडतात.

गावात फायबर आलं, बिल १०० च्या वरच्या वेगाचं येतं, आणि लॅपटॉपवर मात्र ९५ च्या पुढे जात नाही ही तक्रार मी दर महिन्याला ऐकतो. सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग इथरनेट उघडून 'लिंक स्पीड' बघा. १००० च्या जागी १०० दिसत असेल आणि राउटर, लॅपटॉप दोन्ही गिगाबिटचे असतील तर बहुधा केबलमधली एखादी तार तुटलीय. १००० ला आठही तारा लागतात, १०० चारांवर भागतं, म्हणून जोडणी गुपचूप खाली उतरते. कॅट-५ई किंवा कॅट-६ ची नवी केबल लावा. यूएसबीचा जोड वापरत असाल तर तो ३.० च्या भोकात हवा.

मृगाआधी आणि परतीच्या पावसात ढग गरजायला लागले की ही तार आणि चार्जर दोन्ही काढा. फायबर काचेचं, त्यातून वीज येत नाही हे खरं. पण राउटर ते लॅपटॉप तांबंच आहे आणि राउटर भिंतीतल्या विजेवर.

उरलेली छोटी भोकं

हेडफोनचं ३.५ मिलिमीटरचं भोक आता एकच असतं, ऐकायला आणि बोलायला मिळून. ऐकणं-बोलणं दोन्ही करणाऱ्या प्लगवर तीन काळ्या कड्या असतात. दोन कड्यांचा जुना माईक लावून घुमट आरती रेकॉर्ड करायला गेलात तर लॅपटॉप स्वतःच्याच माईकवरून पंख्याचा आवाज टिपतो; दहा-पंधरा सेंटिमीटरची दोन शेपट्यांची तार मिळते, ती घ्या. हेडफोन काढल्यावरही स्पीकर गप्प राहिला तर आतली कळ अडकलेली असते. प्लग चार-पाच वेळा आतबाहेर करा.

कॅमेऱ्याचं एसडी कार्ड जाईल अशी फट असेल आणि त्यावर काही लिहिता येत नसेल तर कार्डाच्या कडेचा छोटा खटका बघा, तो 'लॉक'वर सरकलेला असतो.

कडेला एखादी बारीक आयताकृती खाच असते, ती चोरीविरुद्ध कुलूप अडकवायची. आणि सुईएवढं गोल छिद्र दिसलं तर तो माईक असू शकतो, त्यात टाचणी खुपसू नका.

गोल पिनेचा चार्जर

इथे टाइप-सीच्या अगदी उलटी गोष्ट. इथे कोणी कोणाशी व्होल्टेजची बोलणी करत नाही. चार्जरला जे द्यायचं ते तो देतो. पिन बसली म्हणजे चार्जर चालतो असं नाही. जुन्या चार्जरवर 'आउटपुट' शोधा. व्होल्ट तेच हवे, १९ असोत, १९.५ वा २०. अँपिअर तेवढेच किंवा जास्त. गोलातल्या अधिक-उण्याची आकृती तीच. कमी अँपिअरचा चार्जर तापून मरतो. डेलच्या आणि एचपीच्या पुष्कळ चार्जरमध्ये मधोमध एक बारीक सुई असते, तिच्यावरून लॅपटॉप चार्जर ओळखतो. ती वाकली किंवा नकली चार्जरमध्ये नुसती शोभेची असली तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही; बॅटरी बदलण्याआधी हे तपासा.

खारा वारा, ओल आणि मुंग्या

कळंगुट, मिरामार, कोलवा अशा समुद्राकाठच्या घरांत पोर्ट लवकर जातात, हे मी दुरुस्तीला आलेल्या यंत्रांवरून सांगतो. पिनांवर हिरवट बुरशीसारखं चढतं, ते तांब्याचं गंजणं. वापरात नसलेल्या भोकांना रबरी बुचं लावा, ती दहा-वीस रुपयांत मिळतात. पावसाळ्यात लॅपटॉप बॅगेत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्या ओल्या झाल्या की बदला. एसीच्या खोलीतून थेट बलकावात (घरापुढच्या ओसरीवर) आणलेल्या लॅपटॉपवर दव धरतं, अर्धा तास बॅगेतच राहू द्या, मग चालू करा.

टाइप-सी सैल झालं, केबल पडते, म्हणून लोक नवा मदरबोर्ड टाकायला निघतात. आधी आत बघा. खिशातला, बॅगेतला कापूस दाबला जाऊन तळाशी बसलेला असतो आणि प्लग पूर्ण आत जात नाही. लॅपटॉप पूर्ण बंद करा, लाकडी दातकोरणीने कडेकडेने हलकेच उकरा. मधल्या जिभेला धक्का लावू नका, आणि धातूची सुई तर नकोच. हिरवट डाग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशला लावून पुसा, तासभर वाळू द्या. खोबरेल तेलाने चकचकीत करून आणलेला एक पोर्ट मी बघितलाय. त्यातून नंतर मुंग्यांची रांग निघाली.

स्कूटरवर लॅपटॉप नेताना त्यात पेनड्राइव्ह किंवा माऊसची लांब पिन ठेवू नका. खड्ड्यात बॅग आपटली की सगळा जोर पिनेवर येतो आणि आतलं सोल्डरिंग उखडतं.

नवा घेताना

दुकानात जाताना स्वतःचा पेनड्राइव्ह, टाइप-सी केबल आणि कागदावरचा नकाशा न्या. तुमच्या रोजच्या वस्तू किती आणि कोणत्या भोकात जातात ते त्यावर लिहिलेलं असू द्या. दुकानात टीव्ही असतोच, एचडीएमआय आणि प्रत्येक टाइप-सी त्याला लावून दाखवायला सांगा. विक्रेता कंटाळेल, कंटाळू दे. दोन्ही टाइप-सी एकाच बाजूला असतील तर चार्जरची तार कायम त्याच बाजूने येणार, आणि शेजारी हब मावेलच असं नाही. माझ्या मते किमान एक टाइप-ए आणि एक पूर्ण आकाराचं एचडीएमआय असलेलं, थोडं जाड यंत्र आपल्याकडच्या सभागृहांना जास्त सोयीचं. पातळपणाचं कौतुक दुकानापुरतं असतं.

त्या कावीच्या व्याख्यानानंतर चहा घेताना वक्त्यांनी विचारलं की पुढच्या वेळी कुठलं भोक ते लक्षात कसं ठेवायचं. ग्रंथपाल वहिनींनी पर्समधून नेलपॉलिश काढलं आणि उजवीकडच्या टाइप-सीशेजारी एक तांबडा ठिपका दिला. गेल्या महिन्यात ते पेडण्याला बोलायला आले होते, ठिपका अजून शाबूत होता.